आठ बाराची बस आणि निकाऊची मतं

फोन म्हणत होता, दोन मिनिटं.

अकरा मिनिटं झाली, फोन हेच म्हणत होता. मॉर्निंग्टनच्या चढावरच्या त्या थांब्यावर पाऊस वरून पडत नव्हता, समुद्राकडून आडवा येत होता. आयोना गेडिस कोटाची टोपी दोन्ही हातांनी धरून, मान वाकडी करून रस्त्याच्या टोकाकडे बघत होती. छत्री तिने आणलीच नव्हती. डनीडिनमध्ये छत्री उघडायची ती फक्त वाऱ्याची करमणूक म्हणून.

"ती बस नाहीये," शेजारून कुणीतरी म्हणालं.

"अं?"

"तुमच्या फोनमध्ये येतेय ना, ती. ती मुळात नाहीचे. भूत आहे ते."

तिने वळून पाहिलं. उंच, सावळा, तिशी नुकतीच ओलांडलेला माणूस. लोकरीची टोपी कानांपर्यंत ओढलेली, दाढीवर पावसाचे थेंब... आणि डोळ्यांत असं हसू, की बस न येणं हा जणू सकाळचा मजेदार कार्यक्रमच होता.

"दोन मिनिटं दाखवतंय," आयोना जरा ठसक्यात म्हणाली.

"दाखवणारच. काल मला वीस मिनिटं दोन मिनिटं दाखवत होतं. मग बस गायब! आली नाही, गेली नाही, नुसती पुसली गेली." तो तिच्या फोनकडे बोट करून म्हणाला, "फॅनटेल म्हणे! पाखराचं गोड नाव ठेवलं की झालं. मी लिहून देतो, हे ॲप करणारी माणसं जन्मात कधी बसमध्ये बसलेली नाहीत."

आयोनाने फोन हळूच खिशात टाकला.

कारण हे ॲप करणाऱ्या माणसांपैकी एक ती होती. फॅनटेल बनवणाऱ्या छोट्या कंपनीत ती चाचणीचं काम करायची. बाहेर जाण्याआधी ॲपमध्ये काय चुकतंय ते शोधायचं, हे तिचं काम. बसच्या वेळा तिनेच तपासल्या होत्या. उबदार खोलीत, नव्याकोऱ्या फोनवर, कॉफीचा कप हाताशी ठेवून. आणि बसमध्ये? तिच्या गाडीचा गिअरबॉक्स परवा गेला म्हणून या सोमवारपासून ती बसने जायला लागली होती. त्याआधी... शाळेत असताना कधीतरी.

"असतील हो बसलेली," ती पुटपुटली.

"तुम्ही काय करता?"

"मी?... ऑफिसात. याद्या वगैरे तपासते."

खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

"मी निकाऊ. साऊथ डनीडिनच्या वाचनालयात असतो. चला, चालत जाऊ. उतारच आहे. आणि ही बस आली, तर मी माझी टोपी खाईन."

"लोकरीची?"

"चीज लावून," तो म्हणाला, आणि आयोनाला हसू आवरलं नाही.

तिच्या बोलण्यातला 'र' जिभेवर जरा जास्त घोळतो, हे त्याला उतार संपायच्या आत कळलं. "तुम्ही गोर गावाकडच्या!" तो म्हणाला. दक्षिणेकडची ती सगळी माणसं असाच 'र' घोळवतात. "फोनला तोंडी काही सांगितलेलं कळतं का तुमचं?"

"छे! 'आर्थरला फोन लाव' म्हटलं, की तो मला जवळच्या दंतवैद्याचा पत्ता देतो."

"फोन बदला मग. 'र' बदलू नका."

पाऊस तसाच आडवा लागत होता. पण खाली चौकात पोचेपर्यंत आयोनाला तो लागल्याचं आठवलं नाही.

ऑफिसात गेल्यावर मात्र तिने ओला कोट खुंटीला लावला आणि पहिलं काम काय केलं, तर आठ बाराच्या बसची चौकशी. चूक अर्ध्या तासात सापडली. एखाद्या बसचा ठावठिकाणा लागला नाही, की ॲप गुपचूप वेळापत्रकातली वेळ उचलायचं आणि बस येतेय असं छातीठोक सांगायचं. तिची वरिष्ठ फिलिपा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली, "हे आपल्याला दोन महिन्यांत कसं कळलं नाही?"

"आपण बसने येत नाही म्हणून," आयोना म्हणाली.

त्यानंतर रोज आठ बारा.

गिअरबॉक्स दुसऱ्या आठवड्यात दुरुस्त होऊन आला. आयोनाने गाडी गॅरेजमध्ये लावली, वर कापड घातलं आणि थांब्यावर गेली. पेट्रोल महाग झालंय, असं तिने घरमालकिणीला सांगितलं. घरमालकिणीने नुसत्या भुवया उंचावल्या.

निकाऊला प्रत्येक गोष्टीवर मत होतं. त्याचा स्वतःचा फोन सात वर्षांचा, कोपरा फुटलेला, मागचं झाकण रबर लावून बसवलेलं.

"हा फोन आहे, की जमीन खणताना सापडला?" आयोना म्हणाली.

"हसा. पण याला हेडफोनचं भोक आहे! तुमच्या फोनला आहे? नाही. काढून टाकलं, आणि वर सांगितलं, ही प्रगती. उद्या घराचं दार काढून टाकतील आणि म्हणतील, आता खिडकीतून या, वारा चांगला लागतो."

"आणि अपडेट?" तिने मुद्दाम काडी टाकली.

"ते तर बोलूच नका! 'आत्ता करू, की संध्याकाळी?' अरे, 'नको' कुठंय? 'नको' म्हणायची सोयच नाही. विमा विकणारा माणूस दारात पाय घालून उभा असतो ना, तसं."

तिचीही मतं होती, ती हळूहळू बाहेर यायला लागली. मनगटावरचं घड्याळ दर तासाला 'उभ्या राहा' म्हणतं. बसमध्ये उभी असतानाही म्हणतं. ऑफिसात कुणी 'दोन दिवसांचं काम आहे' म्हटलं, की समजायचं, दोन आठवडे. आणि ज्या बैठकीत काहीच ठरत नाही, तिच्यात हमखास पुढची बैठक ठरते.

"म्हणजे तुम्ही काँप्युटरवालीच की!" निकाऊने मान तिरकी केली.

"ऑफिसात काँप्युटर असतोच ना..." ती घाईने म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. काचेवर वाफ धरली होती. बाहेरचं काहीही दिसत नव्हतं.

त्याची काही मतं तिने मनात ठेवली. काही मात्र वहीत उतरली. अक्षरं बारीक आहेत, म्हाताऱ्यांना दिसत नाहीत. थांब्याचं नाव शोधताना एक अक्षर चुकलं की ॲप खांदे उडवतं. नकाशा उघडला की परत यायचा रस्ता सापडत नाही. एकेक गोष्ट ती ऑफिसात मांडत गेली आणि एकेक बदलत गेली. आता खात्री नसलेली बस फिकट रंगात दिसायची आणि तिच्यापुढे लिहिलेलं असायचं – 'बहुतेक'.

"बघितलंत?" एका सकाळी निकाऊने फोन तिच्या नाकासमोर धरला. "'बहुतेक'! किती प्रामाणिक शब्द आहे हा! तिथे कुणाला तरी अक्कल आलीये. परवा अक्षरं मोठी झाली, आज हे. कोण आहे कोण जाणे, पण भेटला तर मी त्याला चीज रोल खायला घालेन."

"भेटली तर," आयोनाच्या तोंडून निसटलं.

"काय?"

"म्हणजे... बाईही असू शकते."

"बाईच असणार," तो गंभीरपणे म्हणाला. "पुरुष 'बहुतेक' लिहीत नाही. तो बस नसतानाही 'नक्की' लिहितो."

ती हसली. सांगावं... आत्ता सांगून टाकावं. ओठांपर्यंत आलेले शब्द तिने गिळले. सांगितलं, की तो नुसत्या तक्रारी सांगेल, किंवा सांगणारच नाही. आणि तिला तर त्याची सकाळची ही बडबड हवीशी झाली होती. इतकी, की रविवारी आठ बारा वाजता चहा ओतताना तिचा हात थांबायचा.

मे महिना आला, इथला थंडीचा. फुटपाथवर पहाटेचं दहिवर गोठायला लागलं. एका सकाळी थांब्याकडे येता येता तिचा पाय सर्रकन घसरला. निकाऊने झेप घेऊन तिचं कोपर धरलं.

"अगं, सांभाळ! लागलं का तुला?"

अगं... तुला.

त्याने हात सोडला नाही. तिनेही सोडवून घेतला नाही.

"नाही लागलं," ती हळूच म्हणाली. "तू धरलंस ना."

त्या दिवशी बस वेळेवर आली, आणि दोघांनाही तिचा राग आला.

"शनिवारी काय करतेस?" बसमधून उतरताना त्याने विचारलं. "वाचनालयात माझा वर्ग असतो. आजी-आजोबांना फोन शिकवतो. मला मदत करणारी मुलगी सुट्टीवर आहे. येशील? चहा मिळतो. जिंजर क्रंच मिळतो, आल्याची वडी. पगार नाही."

ती गेली.

बारा-तेरा जण होते. सामोआहून चाळीस वर्षांपूर्वी आलेले तावीता आजोबा तिकडे आपियात राहणाऱ्या नातवंडांची तोंडं फोनवर बघायला शिकत होते. आणि पहिल्याच खुर्चीत, ताठ बसलेल्या मिसेस बीव्हिस. वय ब्याऐंशी. सगळं आयुष्य वर्तमानपत्राच्या छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेलं. त्यांच्या गळ्यात साखळीला लावलेलं भिंग होतं, आणि डोळ्यांसमोर आलेलं अक्षर न वाचता सोडणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

निकाऊ इथे वेगळाच होता. मतं नाहीत, टोमणे नाहीत. एकच गोष्ट तो सात वेळा सांगायचा, आणि सातव्यांदाही पहिल्यांदा सांगितल्यासारखी. "आधी वाचा, मग दाबा. घाई नाही. फोन चावत नाही." आयोना चहाचे कप लावता लावता त्याच्याकडे बघत राहिली. आपलं काही खरं नाही, हे तिला त्या क्षणी स्पष्ट कळलं.

"आज बसचं ॲप," निकाऊ म्हणाला. "आता बरंच सुधारलंय. उघडा बरं सगळ्यांनी."

आयोना शेवटच्या रांगेत सरकली.

"थांबा शोधून झाला?" पाच मिनिटांनी त्याने विचारलं. "मिसेस बीव्हिस?"

"मी अजून वाचतेय," भिंगामागून उत्तर आलं.

"काय वाचताय?"

"तूच म्हणालास, आधी वाचा. मी 'आमच्याविषयी' वाचतेय. तळाशी आहे, मुंगीएवढ्या अक्षरांत. दोन स्वल्पविराम चुकलेत." त्या मोठ्याने वाचायला लागल्या. "'रचना, फिलिपा वॉर्डेल. चाचणी, आयोना गेडिस.'" त्यांनी भिंग खाली केलं आणि मागे वळून पाहिलं. "अगं, तुझंही नाव आयोनाच ना? आडनाव काय म्हणालीस मघाशी?"

चहाच्या कपातला चमचा तेवढा वाजला.

"गेडिस," आयोना म्हणाली.

निकाऊने तिच्याकडे पाहिलं. आधी तो हसला, काहीतरी गंमत आहे असं वाटून. मग ते हसू हळूहळू उतरत गेलं. "याद्या तपासते," तो स्वतःशीच म्हणाला. आणि तावीता आजोबांच्या फोनवर वाकला.

वर्ग संपल्यावर ती त्याला दाराशी गाठायला धावली. "निकाऊ, मी सांगणार होते..."

"अगं, त्यात काय," तो म्हणाला. फार सभ्यपणे म्हणाला, तेच जास्त लागलं. "तुझं काम आहे ते. माझी मतं काय, फुकटच असतात. फक्त... मला वाटायचं, तुला ऐकायला आवडतंय म्हणून तू ऐकतेस."

"आवडतंच होतं! अरे..."

पण त्याला तावीता आजोबांना थांब्यापर्यंत सोडायचं होतं.

सोमवारी आठ बारा वाजता थांब्यावर ती एकटीच होती. मंगळवारीही. बुधवारी बस अगदी ठरल्या मिनिटाला आली, ॲपमध्ये दाखवली तशी, आणि आयोनाला रडू आलं. खिडकीतून तिला तो दिसला. उताराच्या खालच्या वळणावर, खिशात हात घालून पायी चाललेला. बस त्याच्या शेजारून गेली. त्याने वर पाहिलं नाही.

त्याच बुधवारी ऑफिसात बैठक होती. विषय, जुने फोन. पाच वर्षांपेक्षा जुन्या फोनवर फॅनटेल चालवायला फार वेळ खर्ची पडतो, तेव्हा पुढच्या महिन्यापासून ते बंद करावं.

"किती लोक आहेत असे?" कुणीतरी विचारलं.

"सहा टक्के," फिलिपा म्हणाली. "फार नाहीत."

"त्या सहा टक्क्यांपैकी अकरा जणांची नावं मला माहीत आहेत," आयोना म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती बैठकीत फारशी बोलत नसे. आता तिचा 'र' भलताच घोळायला लागला होता. "त्यांच्यातल्या एकीला दवाखान्यात जायला दोन बस बदलाव्या लागतात. वय ब्याऐंशी. फोन मुलाने वापरून दिलेला. नवा घेता येणार नाही असं नाही, पण हा शिकायला तिला आठ महिने लागलेत. ते आठ महिने आपण पुसून टाकायचे?"

फिलिपाने चष्मा कपाळावर सरकवला. बाई वाईट नव्हती. "आयोना, कळवळा मला पटतो, पण मला कागदावर कारण लागतं. काय अडतं, कुठे अडतं, किती कामाने सुटेल. पुढच्या बुधवारपर्यंत आण. मग बघू."

म्हणून शनिवारी ती पुन्हा वाचनालयात गेली. निकाऊ पुस्तकांच्या कपाटाजवळ तारा गुंडाळत उभा होता. तिला बघून त्याचे हात थांबले, एवढंच.

ती सरळ पुढे जाऊन उभी राहिली.

"मी आयोना गेडिस," ती म्हणाली. "मागच्या वेळी मी चहा द्यायला आले होते आणि खरं सांगितलं नव्हतं. फॅनटेल तपासायचं काम माझं आहे. बस येणार म्हणून तुम्ही पावसात उभे राहिलात आणि ती आली नाही, ती चूक माझ्या हातून सुटली होती. आज मी वही घेऊन आलेय, सगळ्यांसमोर. तुमच्या जुन्या फोनवर हे बंद करायचं चाललंय. ते होऊ नये असं मला वाटतं. त्यासाठी तुम्हाला काय काय खटकतं ते मला सांगा. हवं तेवढं बोला."



मग दोन तास तिची अशी काही हजेरी घेतली गेली, की विचारू नका! तावीता आजोबा दोनदा भिजले होते. ते त्यांनी तारखेसकट सांगितलं. मिसेस बीव्हिसनी स्वल्पविरामांपासून सुरुवात केली. एका आजोबांची तक्रार फॅनटेलची नव्हतीच, त्यांच्या टोस्टरची होती. तीही आयोनाने लिहून घेतली. हात दुखेपर्यंत लिहिलं. मध्येच कधीतरी तिच्या कोपराशी चहाचा कप आला. कुणी ठेवला ते तिने पाहिलं नाही, पण साखर तिला हवी तशी, एकच चमचा होती.

"झालं सगळ्यांचं?" शेवटी तिने विचारलं.

"माझी एक आहे," मागून निकाऊ म्हणाला.

तिने वहीचं नवं पान काढलं. "सांग."

"मी एका मुलीवर रागावलो होतो. आठवडाभर पायी गेलो. गुडघे दुखायला लागलेत."

"मग... यात ॲपचा काय दोष?"

"ॲपचा नाही. माझाच आहे. कुणाला सांगावं कळेना, म्हणून इथे सांगितलं."

कुणीतरी खोकलं. तावीता आजोबा छताकडे बघायला लागले.

"बोला, बोला," मिसेस बीव्हिस भिंग पुसत म्हणाल्या. "आम्हाला ऐकू कमी येतं."

सोमवारी तो थांब्यावर होता. बस येत होती, अगदी दिसतही होती, पण दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि न बोलता उताराला लागले.

"मी सात वर्षं ऑकलंडला होतो," तो म्हणाला. "फोनवरचे खेळ करायचो. पोरांना आम्ही खोलीत बसवायचो, खाऊ द्यायचो, आणि ऐकायचो. काय आवडतं, कुठे कंटाळतात. मला वाटायचं, मी किती छान ऐकतो! मग कळलं, की त्यातून एवढंच काढायचं होतं... त्यांना फोन खाली ठेवताच येऊ नये, यासाठी काय करावं. माझ्या बहिणीचा मुलगा जेवायचा थांबला तो खेळ खेळता खेळता. त्या दिवशी नोकरी सोडली." त्याने एक खडा पायाने उडवला. "त्यामुळे कुणी फार लक्ष देऊन ऐकायला लागलं, की मला जरा भीतीच वाटते. तू ऐकत होतीस, ते मला इतकं आवडत होतं आणि... कळलं, तेव्हा मी एकदम त्या खोलीत जाऊन बसलो. त्या पोरांच्या जागी."

"मी सांगायला हवं होतं," आयोना म्हणाली. "पहिल्याच दिवशी. तू टोपी खाणार होतास, तेव्हाच."

"तेव्हा सांगितलं असतंस, तर मी लाजून पळून गेलो असतो."

"आणि खरं सांगू? वहीत नऊ गोष्टी उतरल्या. तू बोललास त्या हजार. बाकीच्या मी कशाला ऐकत होते, असं वाटतं तुला?"

पुढच्या वळणावर, जिथे फुटपाथ निसरडा होता, तिथे त्याने तिचं कोपर धरलं. पुढे फुटपाथ कोरडा होता, तरी धरून ठेवलं.

बुधवारी फिलिपाने आयोनाचे अकरा कागद सावकाश वाचले. "दोन वर्षं," ती म्हणाली. "जुने फोन अजून दोन वर्षं चालतील. मग परत भांडायला ये. आणि हे टोस्टरचं काय आहे?"

शनिवारी वर्गात ही बातमी सांगितली, तेव्हा टाळ्या अशा वाजल्या की वाचनालयातल्या बाईंना ओठांवर बोट ठेवावं लागलं. दुपारी ती दोघं सेंट क्लेअरच्या किनाऱ्यावर गेली. थंडीतलं कोवळं ऊन पडलं होतं. भिंतीवर बसून, मांडीवर कागद पसरून दोघं मासे आणि बटाट्याचे काप खात होती. सीगल पक्षी दोन हातांवर येऊन निर्लज्जपणे ताटकळत उभे होते.

"हे बघ," निकाऊ म्हणाला. "मला एक बोलायचंय. आणि यात मत वगैरे नाही."

"बापरे! तुझं मत नाही, असं काही आहे?"

"थट्टा करू नकोस. मी रात्रभर जुळवणी केलीय." त्याने बोटं रुमालाला पुसली. एकदा, दोनदा. "आयोना, मला तू... म्हणजे सकाळी तू थांब्यावर दिसलीस, की मला..."

त्याचा खिसा वाजला.

"नको उचलूस," ती म्हणाली.

पण पडद्यावर मिसेस बीव्हिसांचं नाव होतं, आणि त्यांचं वय ब्याऐंशी. त्याने उचलला. व्हिडिओ कॉल होता, पण पडद्यावर चेहरा नव्हता. भला मोठा, गुलाबी, मोत्याची कुडी घातलेला कान होता.

"निकाऊ? ऐकू येतंय का रे पोरा?"

"येतंय. पण फोन समोर धरा, कानाला नको. काय झालं? बऱ्या आहात ना?"

"मला काय धाड भरलीय! बसमध्ये आहे. बस वेळेवर आली, हे सांगायला लावला. ती मुलगी आहे का तुझ्याबरोबर?"

निकाऊने आयोनाकडे पाहिलं. वाऱ्याने तिचे केस तोंडावर येत होते, आणि ती हसू दाबून लालबुंद झाली होती.

"आहे," तो म्हणाला.

"विचारलंस का तिला?"

"विचारतच होतो!"

"मग माझ्याशी काय बोलत बसलायस? ठेव!"

"तुम्ही ठेवा. लाल बटण. आधी वाचा, मग..."

"मला लाल काही दिसत नाही," कानाच्या जागी आलेला डोळा म्हणाला. "इथे नुसती तुम्ही दोघं दिसताय. नाही, आता दिसत नाही. आता सगळं काळं झालं."

काळं झालं, कारण फोन आयोनाने त्याच्या हातातून काढून घेतला होता आणि कोटाच्या खिशात सरकवला होता.

"हो," ती त्याला म्हणाली.

"अगं, पण मी अजून विचारलं कुठंय..."

"नंतर विचार," असं म्हणून तिने त्याची लोकरीची टोपी दोन्ही हातांनी धरून त्याला जवळ ओढलं.

मांडीवरचा कागद घसरला आणि सीगल एकदम तुटून पडले. दोघांनाही त्याचं काही नव्हतं. खिशातल्या खिशात मिसेस बीव्हिस शेजारच्या बाईंना ऐटीत सांगत होत्या, "अहो, मी फोन करायला शिकलेय. बंद करायचं पुढच्या शनिवारी शिकायचंय."